गावाचं नाव सात मात्रांत : जपानची गावोगावची गाणी कशी घडतात आणि कशी टिकतात

जपानच्या नागानो प्रांताचं अधिकृत गाणं पहिल्यांदा ऐकलं, की भूगोलाच्या पुस्तकातलं एखादं प्रकरण कुणीतरी चालीत बसवलंय असं वाटतं. ‘शिनानो नो कुनि’ हे त्याचं नाव. शिनानो हे या भागाचं जुनं नाव आणि ‘कुनि’ म्हणजे मुलूख. गाण्याला सहा कडवी आहेत. पहिलं सांगतं, की हा मुलूख दहा मुलखांना लागून आहे, समुद्र नाही तरी कशाची वाण नाही. मग मात्सुमोतो, इना, साकु आणि झेन्कोजी या चार मैदानी पट्ट्यांची नावं येतात. दुसऱ्या कडव्यात ओन्ताके, नोरिकुरा, कोमागाताके आणि आसामा हे डोंगर. त्यातला आसामा जागता ज्वालामुखी आहे, हेही गाणं बजावून सांगतं. त्यांच्या पाठोपाठ उत्तरेच्या दोन नद्या, साइ आणि चिकुमा, आणि दक्षिणेच्या दोन, किसो आणि तेन्ऱ्यु. तिसऱ्यात किसो खोऱ्यातलं लाकूड, सुवा तळ्यातले मासे, धान्य आणि रेशमाच्या किड्यांची पैदास. चौथ्यात जुन्या कवितांतून गाजलेली ठिकाणं, पाचव्यात या मातीतली माणसं, आणि सहाव्यात उसुइ घाटातली आगगाडी, तिच्या २६ बोगद्यांच्या हिशोबासह.

एवढ्या यादीत काव्य कुठे, असं कुणी विचारेल. ते सहाव्या कडव्यात आहे. जपानीत ‘मिचि’ म्हणजे वाट. बोगदे पोखरून गेलेल्या लोखंडी वाटेवरून कवी त्याच शब्दाला धरून विद्येच्या वाटेवर येतो : एकाच वाटेने नेटाने शिकत राहिलात, तर पूर्वजांहून तुम्ही उणे कसे ठराल? गाणं शाळेच्या मुलांसाठी लिहिलेलं होतं, म्हणून हे वळण.

शब्द १८९९ सालचे, मात्सुमोतोच्या सामुराई घराण्यात जन्मलेले शिक्षक आसाइ किओशी यांचे. आज जी चाल म्हटली जाते ती १९०० साली कितामुरा सुएहारु यांनी बांधली. दोघंही नागानोच्या अध्यापक विद्यालयात शिकवत होते, आणि गाण्याच्या प्रसाराचं सगळं इंगित इथेच आहे. तिथून बाहेर पडणारे शिक्षक डोंगराळ प्रांताच्या कानाकोपऱ्यातल्या शाळांवर रुजू व्हायचे आणि हे गाणं सोबत न्यायचे. एका खोऱ्यातलं पोर दुसऱ्या खोऱ्यात कधी गेलेलं नसायचं, पण तिथल्या नदीचं नाव त्याच्या तोंडी असायचं. प्रांताचं अधिकृत गाणं म्हणून त्याची घोषणा झाली ती १९६८ साली, म्हणजे तब्बल सात दशकांनी. शिक्का नंतर बसला, गाणं आधीच घराघरांत होतं.

त्याचं वजन दिसलं ते १९४८ साली. प्रांताचे उत्तर आणि दक्षिण असे दोन तुकडे करावेत, हा प्रस्ताव प्रांतिक विधानसभेत रेटला जात होता. सभागृहात प्रेक्षकांच्या सज्जातून लोकांनी ‘शिनानो नो कुनि’ म्हणायला सुरुवात केली. फाळणी बारगळली. ती बारगळण्यामागे इतर कारणंही होती आणि एकट्या गाण्याला सगळं श्रेय देणं भाबडेपणाचं होईल. पण ज्या यादीत उत्तर आणि दक्षिण जाणूनबुजून शेजारी-शेजारी बसवली आहेत, ती यादी तोंडपाठ असलेल्या माणसाला प्रांताचे दोन भाग करणं जड जाणारच.

जपानमधली स्थानाभिमानाची गाणी समजून घ्यायची, तर एक गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागते. गाण्यात गावाचं नाव असणं ही सोपी बाब आहे. ते गाणं कोणत्या कामासोबत, कोणत्या हालचालीसोबत, वर्षातून किती वेळा अंगातून जातं, यावर त्याचं जगणं ठरतं.

चार घराणी, थोडक्यात

पहिलं घराणं ‘मिन्यो’ म्हणजे लोकगीतांचं : शेतात, होड्यांवर, खाणींत आणि सणाच्या नाचात गायली जाणारी गाणी. ‘मिन्यो’ हा शब्द मात्र जुना नाही. मेइजी काळात (१८६८–१९१२) जर्मन शब्दाच्या धर्तीवर तो रुळला. खुद्द लोक ‘उता’ म्हणजे गाणं किंवा ‘फुशी’ म्हणजे चाल एवढंच म्हणत. गावाच्या नावाला जोडून आली की ‘फुशी’ची ‘बुशी’ होते : कुसात्सु-बुशी, सोरान-बुशी. दुसरं घराणं ‘शिन-मिन्यो’, म्हणजे नवी लोकगीतं. १९२०-३०च्या दशकांत नामवंत कवी-संगीतकारांकडून ती मुद्दाम करून घेतली गेली. तिसरं, प्रांत, शहरं आणि शाळांची अधिकृत गाणी. चौथं ‘गोतोची साँग’, म्हणजे एखाद्या ठिकाणाचं नाव घेऊन आलेली व्यावसायिक गाणी, बहुतेक विरहाची, बंदरांची आणि बर्फाची. चौथ्या घराण्याबद्दल इथे फारसं लिहीत नाही. ती ठिकाणाबद्दलची गाणी आहेत, पण तिथल्या लोकांनी एकत्र म्हणायची क्वचितच.

२६ मात्रांचा साचा

जपानी लोकगीताचा सगळ्यात चालणारा साचा ७-७-७-५ असा आहे, एकूण २६ मात्रा. मराठी वाचकाला हे चटकन कळेल, कारण आपल्या मात्रावृत्तांतही अक्षरं नुसती मोजत नाहीत, त्यांचं वजन मोजतात. जपानीत ऱ्हस्व स्वराची १ मात्रा, दीर्घ स्वराच्या २. सुटा ‘न्’ किंवा अनुस्वार स्वतःची १ मात्रा घेतो. जोडाक्षरातलं द्वित्त आणखी १ वाढवतं. ‘क्यो’, ‘ज्यो’ यांसारखी अक्षरं मात्र एकाच मात्रेची. एका ठिकाणी आपली गफलत होते : मराठीत ‘ए’ आणि ‘ओ’ नेहमी गुरू, जपानीत ते ऱ्हस्वही असतात. त्यामुळे साप्पोरो हे नाव आपल्या हिशोबाने ६ मात्रांचं वाटतं, जपानीत ते सा-प्-पो-रो असं ४ मात्रांचं आहे. तोक्यो (आपलं टोकियो) हे तो-ओ-क्यो-ओ, म्हणजे ४. नागानो ३, कुसात्सु ३.

गुन्मा प्रांतातल्या कुसात्सु या गरम झऱ्यांच्या गावाचं गाणं या साच्याचा स्वच्छ नमुना आहे :

कु-सा-त्सु / यो-इ-तो-को (३+४)
इ-चि-दो-वा / ओ-इ-दे (४+३)
ओ-यु-नो / ना-का-नि-मो (३+४)
हा-ना-गा-सा-कु (५)

अर्थ असा : कुसात्सु छान जागा, एकदा तरी या, इथे गरम पाण्यातसुद्धा फूल फुलतं. झऱ्याच्या पाण्यातून जो खनिजांचा साका बसतो, त्याला जपानीत ‘यु नो हाना’, म्हणजे पाण्याचं फूल म्हणतात. म्हणजे ही कल्पनाही आहे आणि गावातल्या खऱ्या वस्तूचा निर्देशही.

आता कंसातले आकडे पाहा. सात मात्रांचे तुकडे ३+४, ४+३, ३+४ असे उलटसुलट पडले आहेत. टाळी देऊन म्हणून पाहिलं की कारण कळतं. प्रत्येक ओळ आठ मात्रांच्या आवर्तनात बसवायची असते. ३+४ मध्ये रिकामी मात्रा सुरुवातीला येते, ४+३ मध्ये शेवटी. त्यामुळे पहिली आणि दुसरी ओळ मध्ये न अडखळता एका दमात जोडली जाते आणि श्वास नेमका दुसरीच्या शेवटी मिळतो. शेवटच्या पाच मात्रांनंतर तीन रिकाम्या राहतात. तिथे गायकाने काही करायचं नसतं, ती जागा भोवतालच्या लोकांची. ते ‘हायाशी’ घालतात, म्हणजे अर्थापेक्षा जोर देणारे पुकारे. कुसात्सुच्या गाण्यात दुसऱ्या ओळीनंतर ‘दोक्कोइशो’ आणि शेवटी ‘चोइना चोइना’ हे ते शब्द. आपल्याकडे भजनात मुख्य गायकामागे टाळकरी जसे उचलून धरतात, तसंच हे काम.

म्हणूनच ज्या गावाचं नाव ३ मात्रांचं, ते या साच्याच्या पहिल्या घरात अलगद बसतं. २ मात्रांच्या नावाला एक प्रत्यय लावला की झालं. सादो बेटाच्या प्रसिद्ध गाण्यात ‘सादो-ए’, म्हणजे ‘सादोकडे’, असंच केलं आहे. लांब नावांची अडचण होते. गिफु प्रांतातल्या गुजो-हाचिमानच्या ‘कावासाकी’ या नाचगाण्याची पहिली ओळ गु-जो-ओ-नो-हा-चि-मा-न् अशी ८ मात्रांची आहे. साच्याबाहेरची ही एक मात्रा गायक सुरुवातीची रिकामी जागा भरून जिरवतात. नवख्याने हिशोब करून सातच मात्रा गाठायला गेलं, तर ओळ पांगळी होते. ही ओळ जिथे जाते तो अर्थही सुरेख आहे : हाचिमान सोडून निघताना पाऊस नसतो, तरी बाह्या पिळाव्या लागतात.

सगळीकडे मात्र हाच साचा नाही. ओकिनावाकडे ८-८-८-६ अशी ३० मात्रांची रचना चालते आणि तिचा डौल निराळा आहे. ओकिनावा आणि त्याच्या उत्तरेचा आमामी बेटसमूह इथल्या बोलींत ‘शिमा’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत, बेट आणि आपलं गाव. आमामीचं ‘शिमा-उता’ म्हणजे मुळात आपल्या वस्तीचं गाणं. शेजारच्या वस्तीचं गाणं वेगळं असतं आणि जाणकाराला ते ऐकताक्षणी कळतं.

पेटीवर काळ्या पट्ट्या

स्वरांच्या बाजूने तर मराठी वाचक निम्मी वाट आधीच चाललेला आहे. संगीत-अभ्यासक कोइझुमी फुमिओ (१९२७–१९८३) तरुणपणी भारतात येऊन संगीत शिकले होते. त्यांनी जपानी पारंपरिक संगीतातले चार मूळ स्वरसमूह वेगळे करून दाखवले. चारही पाच-पाच स्वरांचे. आपल्या भाषेत ते असे :

‘मिन्यो’ समूह : सा, कोमल ग, म, प, कोमल नि. हे धानीचे स्वर. बहुतेक लोकगीतं इथली.
‘रित्सु’ : सा, रे, म, प, ध. म्हणजे दुर्गा.
‘मियाको-बुशी’ : सा, कोमल रे, म, प, कोमल ध. म्हणजे गुणक्री. शहरी, शामिसेन या तीन तारांच्या वाद्यावर वाढलेला समूह.
‘रयुक्यु’ : सा, ग, म, प, शुद्ध नि. तिलंगाचा आरोह. ओकिनावाचा रंग तो हाच.

घरी पेटी असेल तर पहिले दोन लगेच वाजवून पाहता येतात, पांढऱ्या पट्टीला हातही लावायचा नाही. काळी दोन षड्ज धरून फक्त काळ्या पट्ट्या चढत गेलात की मिन्यो समूह मिळतो. काळी एकवर षड्ज धरला की रित्सु. काळी तीनवर धरला की भूप होतो. मेइजी काळात पाश्चात्त्य सप्तकातले चौथा आणि सातवा स्वर गाळून जी ‘योनानुकी’ पद्धत शाळेच्या आणि पुढे लोकप्रिय गाण्यांत रुळली, ती हीच.

स्वर तेच असले तरी राग तोच होत नाही, हे आपल्याकडच्या कुणालाही सांगायला नको. जपानी चालीत एकमेकांपासून सा-म इतक्या अंतरावरचे स्वर खांबासारखे उभे असतात आणि मधला स्वर त्या खांबांकडे झुकतो. धानी समजून तिथे आपली मींड आणि आलापी लावली, तर गाणं जपानी राहत नाही.

लयीच्या बाजूने कोइझुमी दोन टोकं मानतात. एकीकडे टाळी देता येईल अशी ठोस लयीची गाणी, ज्यांना ते यागी-बुशी या गाण्यावरून नाव देतात. दुसरीकडे ताल नसलेली, एका अक्षरावर लांबवर हेलकावणारी ओइवाके धाटणीची गाणी. नाचाला पहिली लागतात. दुसरी एकट्याने गायची आणि बाकीच्यांनी ऐकायची.

कामातून आलेलं, अंगात राहिलेलं

होक्काइदोचं सोरान-बुशी आज जगभर शाळांच्या कार्यक्रमांत नाचलं जातं. मुळात तो हेरिंग माशांच्या धंद्यातल्या चार कामगीतांपैकी तिसरा भाग. पहिलं गाणं होड्या वल्हवण्याचं, दुसरं जाळं ओढून उचलण्याचं, तिसरं जाळ्यातले मासे मोठ्या हाताच्या जाळीने उपसून होडीत टाकण्याचं, म्हणजे सोरान-बुशी, आणि चौथं जाळ्याला चिकटलेली गाभोळी बडवून पाडण्याचं. प्रत्येकाची लय त्या कामाच्या झटक्यावर बेतलेली. वल्ह्याच्या लयीत मासे उपसता येत नाहीत, म्हणून चार गाणी. होक्काइदोत १८९७ साली सुमारे ९ लाख ७० हजार टन हेरिंग सापडली होती. १९५०च्या दशकात ती किनाऱ्यावर यायची जवळजवळ थांबली. काम संपलं, गाणं राहिलं, कारण तोवर त्या झटक्यांचा नाच झाला होता. नाचताना खाली वाकून दोन्ही हातांनी ओढल्यासारखं करतात ते जाळं ओढणंच आहे.

फुकुओकाच्या तांको-बुशीचं, म्हणजे कोळसा खाणीच्या गाण्याचं, तसंच. उन्हाळ्यातल्या बोन या पूर्वजांच्या सणाच्या मंडपात हे गाणं लागलं नाही असं क्वचितच होतं, आणि नाच इतका सोपा की पाचव्या फेरीला कुणालाही येतो. कुदळ मारल्यासारखं उजवीकडे दोनदा, मग डावीकडे दोनदा. कोळशाची टोपली खांद्यावर टाकल्यासारखे हात मागे, दोन्ही बाजूंना. कपाळावर हात धरून मागे वळून चंद्र पाहायचा. खाणीतली गाडी दोनदा ढकलायची. हात खाली उघडायचे आणि टाळ्या. नवखे लोक चुकतात ते एकाच ठिकाणी : चंद्र पाहताना पाय मागे जातो, आणि ते पुढे टाकतात. मग पुढच्या माणसावर आदळतात.

या गाण्याच्या शब्दांवर दोन गावांचा हक्क आहे. गाजलेल्या पाठात चंद्र मीइके खाणीवर उगवतो आणि धुराड्यांच्या धुराने त्याचे डोळे चुरचुरत असतील, अशी कल्पना आहे. त्याच प्रांतातलं तागावा म्हणतं, की गाणं मूळचं आमचं. तिथली १९०८ सालची ४५.४५ मीटर उंचीची विटांची दोन धुराडी अजून उभी आहेत. तागावाची खाण १९६४ साली बंद झाली, मीइकेची १९९७ साली.

तोयामा प्रांतात गोकायामा नावाची उंच गवताळ छपरांच्या घरांची खेडी आहेत. तिथल्या कोकिरिको गाण्यात तर वाद्य बनवण्याचं मापच सांगितलं आहे. कोकिरिको म्हणजे एकमेकींवर आपटायच्या बांबूच्या दोन कांड्या. गाणं म्हणतं, बांबू साडेसात सुन लांबीचा घ्या, जास्त लांब घेतलात तर बाहीत अडकेल. १ सुन म्हणजे साधारण ३.०३ सेंटिमीटर, तेव्हा कांडी २२.७ सेंटिमीटरची. किमोनोची रुंद बाही घालून मनगट फिरवून पाहिलं की माप किती नेमकं आहे ते कळतं. याच नाचात सासारा नावाचं दुसरं वाद्य असतं, १०८ लाकडी चकत्या दोरीत ओवलेलं. ते झटकलं की लाटेसारखा खळखळाट होतो.

कुसात्सुतही गाणं कामाचंच आहे. झऱ्याचं पाणी ५० अंशांच्या वर, त्यात उतरता येत नाही. थंड पाणी मिसळलं तर औषधी गुण पातळ होतो. म्हणून सुमारे १.८ मीटर लांब आणि ३० सेंटिमीटर रुंद फळ्यांनी बायका पाणी घुसळतात. फळी उलटायच्या क्षणी ‘दोक्कोइशो’ येतं. साच्यातली ती रिकामी जागा फळीच्या कामाला लागते.

‘आमचं’ गाणं आलं कुठून?

इथे अभिमानी माणसाला थोडं अवघड जाईल असं एक सत्य आहे. होक्काइदोच्या एसाशी बंदराची ओळख असलेलं एसाशी ओइवाके हे गाणं मुळात नागानोतलं. आसामा डोंगराच्या पायथ्याशी ओइवाके नावाचा मुक्काम होता, जिथे दोन मोठे रस्ते फुटत. तिथल्या घोडेवाल्यांचं गाणं एचिगोच्या किनाऱ्यावर उतरलं, तिथून मालवाहू गलबतांवर चढलं आणि उत्तरेला एसाशीत पोचलं. वाटेत घोड्याची चाल गळून पडली आणि लाटांचा हेलकावा आला.

दक्षिणेत क्युशूच्या उशिबुका बंदरातल्या हाइया-बुशीची गोष्टही अशीच आहे. वाऱ्याची वाट पाहत थांबलेल्या खलाशांनी ते बंदरोबंदरी नेलं, आणि सादोच्या ओकेसा गाण्यात व तोकुशिमाच्या आवा नाचात त्याची वंशावळ सापडते, असं अभ्यासक मानतात. म्हणून एखादं गाणं अस्सल आमच्या मातीतलं, असा दावा ऐकला की गलबतांचा मार्ग तपासावा. गाण्याचं मूळ परकं असलं तरी त्याच्यावरचा हक्क कमी होत नाही. एसाशीने दीडशे-दोनशे वर्षं त्या गाण्यावर काम केलं आहे.

ते काम किती बारीक आहे पाहा. मुख्य पदाचे सात तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकडा एका श्वासात म्हणायचा. ताल नाही. साथीला फक्त शाकुहाची बासरी, ती गळ्याच्या मागे सावलीसारखी चालते, आणि मधूनमधून हाळी देणारा दुसरा गायक. नेहमीच्या स्वरलेखनात हे मावत नाही, म्हणून शिकवताना आवाजाचा चढउतार वळणावळणाच्या रेघेने काढतात. नवशिके पहिल्या तुकड्यातच श्वास उधळतात. सुरुवात भरघोस केली की पुढे आवाजाचा हेलकावा आखूड होतो आणि लाटेऐवजी थरथर ऐकू येते.

मागणीनुसार बनवलेली लोकगीतं

१९२०च्या दशकात रेल्वे, रेडिओ आणि ग्रामोफोन एकदम पसरले, आणि गावांना आपलं गाणं हवं झालं. यातला मोठा संगीतकार नाकायामा शिंपेई, तोही नागानोचाच. नागानोतल्या सुझाका गावच्या रेशीम कारखान्याने कामगार मुलींसाठी गाणं मागवलं. नोगुची उजो यांनी ते लिहिलं, नाकायामांनी चाल दिली. ‘सुझाका कोउता’ हे शिन-मिन्योचं आरंभीचं उदाहरण मानतात.

शिझुओका प्रांताचं चाक्किरी-बुशी ऐकून ते चहाच्या मळ्यातलं पिढीजात गाणं वाटतं. ते १९२७ साली तिथल्या एका रेल्वे कंपनीने मनोरंजन उद्यानाच्या जाहिरातीसाठी करवून घेतलं. शब्द किताहारा हाकुशू यांचे, चाल माचिदा काशो यांची. हे माचिदा पुढे देशभर हिंडून लोकगीतं गोळा करणारे मोठे अभ्यासक झाले. गाणं टिकलं याची दोन ठोस कारणं दिसतात. पुकारा चहाची पानं कापायच्या कात्रीच्या आवाजावरून घेतला, म्हणजे हालचाल आत आली. आणि शेवटची ओळ अस्सल शिझुओकाच्या बोलीत ठेवली : बेडूक ओरडतोय, म्हणजे पाऊस येणार. टोकियोच्या माणसाला ती ओळ जीभ वळवून म्हणावी लागते आणि शिझुओकाच्या माणसाला ती सहज येते. अभिमान नेमका तिथे बसतो.

तोक्यो ओंदो १९३३ सालचं. ओंदो म्हणजे रिंगणात नाचायचं गाणं. आदल्या वर्षी हिबिया बागेत बोन नाच भरवताना ‘मारुनोउची ओंदो’ केलं होतं, त्याचंच नवं रूप. शब्द साइजो यासो, संगीत नाकायामा. राजधानीच्या या गाण्याच्या सुरुवातीची सुरावट दूर दक्षिणेच्या कागोशिमातल्या लोकगीतावरून घेतलेली आहे. गाणं तुफान चाललं आणि त्याचा सांगाडा गावोगाव उचलला गेला : ‘अमुक ओंदो’, शब्दांत डोंगर, नदी, फूल, पीक, ‘या, नाचू या’. अशी असंख्य ओंदो झाली आणि बहुतेक विसरली गेली. ओळीतलं नाव काढून शेजारच्या गावाचं घातलं तरी काही अडत नसेल, तर ते गाणं कुणाचंच नसतं.

बिघडतं कुठे

पहिला घाव तबकडीचा. जुन्या ग्रामोफोनच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावत. रात्रभर चालणाऱ्या, समोरच्या नाचणाऱ्यांकडे पाहून जागच्या जागी नवे शब्द रचल्या जाणाऱ्या गाण्याची तीन-चार कडवी छापली गेली आणि तीच ‘खरी’ ठरली. पुढे मंडपात गायकाऐवजी ध्वनिमुद्रण लागू लागलं. जिवंत गायक रिंगण दमलं की लय उतरवतो आणि रंगात आलं की चढवतो. ध्वनिमुद्रणाला रिंगण दिसत नाही. शेवटच्या कडव्याला मुलं आणि म्हातारे बाहेर पडतात, ते यामुळे.

दुसरा प्रश्न ‘सेइचो’चा, म्हणजे शुद्ध पाठाचा. गावोगावी ‘होझोन्काई’, म्हणजे जतन मंडळं आहेत. त्यांच्यामुळेच पुष्कळ गाणी वाचली. पण प्रमाण पाठ ठरला आणि स्पर्धा सुरू झाल्या की परीक्षकाला जे मोजता येतं तेच गायक करतात. एसाशीच्या गायकांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वेगवेगळे घाट एकत्र करून एक पाठ ठरवला. त्याने गाण्याला देशभर मान मिळाला आणि गल्लीगल्लीचे घाट मागे पडले. दोन्ही गोष्टी एकाच निर्णयाने झाल्या.

तिसरं, गावच नाहीसं होणं. १९९९ च्या मार्चअखेर जपानात ३,२३२ नगरपालिका होत्या. विलीनीकरणाच्या मोहिमेनंतर, २०१० च्या मार्चअखेर १,७२७ उरल्या. विलीन झालेल्या गावाच्या अधिकृत गाण्याला त्या दिवसापासून कुठलीच कचेरी उरत नाही. समारंभासाठी केलेली आणि समारंभातच म्हटली जाणारी गाणी अशी एका फटक्यात गेली. नाचात असलेली गाणी वाचली, कारण नाचाला कचेरी लागत नाही.

आणि यादी शिळी होते, हे तर होणारच. ‘शिनानो नो कुनि’मधला रेशमाचा धंदा ओसरला. २६ बोगद्यांचा मार्ग १८९३ साली सुरू झाला होता. १९६३ साली त्याच्या जागी नवा मार्ग आला आणि १९९७ साली शिन्कान्सेन आल्यावर घाटातली रेल्वेच बंद झाली. तरी मुलं २६ चा आकडा म्हणतात, आणि त्यामुळे तो आकडा त्यांना ठाऊक आहे. शब्द अद्ययावत करायचा मोह इथे टाळला गेला हे बरं झालं.

जुनं जपून नवं वाढवायचा एक नमुना कोचीचा आहे. १९५४ साली तिथल्या व्यापाऱ्यांनी योसाकोइ उत्सव सुरू केला. नियम साधे : हातात नारुको, म्हणजे शेतातली पाखरं हाकलायची लाकडी खुळखुळी हवी, आणि संगीत कुठलंही असो, त्यात ‘योसाकोइ नारुको ओदोरी’ या गाण्याचा एक तरी तुकडा हवा. पथकात १५० पर्यंत माणसं. रॉक, सांबा, काहीही चालतं, पण तो तुकडा आला नाही तर पथक बाद. १९९२ साली साप्पोरोने हाच आराखडा उचलला आणि अट बदलली : नारुको तेच, पण तुकडा सोरान-बुशीचा. त्या एका अटीने कोचीचा उत्सव होक्काइदोचा झाला.

रिंगणात उतरायचं असेल तर

जपानात राहणाऱ्या मराठी मंडळींना ही गाणी कळायची सोपी जागा म्हणजे बोन नाचाचं रिंगण. गुजो-हाचिमान तर पाहुण्यांना आत घेण्यासाठीच ओळखलं जातं. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत तीसेक रात्री नाच होतो. १३ ते १६ ऑगस्टला पहाटेपर्यंत. हा नाच २०२२ साली युनेस्कोच्या वारसा यादीत गेलेल्या ४१ लोकनृत्यांच्या गटात आहे. एकूण दहा गाणी. सोपी म्हणून ‘कावासाकी’पासून सुरुवात करावी. ‘हारुकोमा’ जलद आहे, ते दुसऱ्या रात्रीसाठी ठेवावं. हात पाहून शिकू नये, पाय पाहावेत. पाय जमले की हात आपोआप येतात. रिंगणात समोरच्याकडे न पाहता आपल्या पुढच्या दुसऱ्या माणसामागे चालावं, कारण लगेच पुढचाही नवखाच असण्याची शक्यता असते. गेता, म्हणजे लाकडी खडावा, घातल्या तर जमिनीवरचा ठोका आपल्याच कानांना ऐकू येतो आणि लय सुटत नाही. एखादा नाच चांगला जमला, तर जतन मंडळाचं प्रमाणपत्रही मिळू शकतं.

नाच संपत आल्याचं घोषणेशिवाय कळतं. शामिसेन थांबतं, ढोल थांबतो, बासरी थांबते. मग ‘मात्सुसाका’ सुरू होतं, नुसत्या लाकडी टिपऱ्यांच्या ठोक्यावर आणि गळ्यावर.